शकुंतलेचा जीर्णोद्धार

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब हा सुमारे ३९ किलोमीटरांचा ब्रॉडगेज मार्ग सुरू झाला आणि कळंबच्या वेशीपर्यंत आगगाडी आली. चिंतामणीच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंची सोय झाली, कापसाच्या व्यापाऱ्यांसही पुढेमागे तिचा लाभ होईल. याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु या नव्या गाडीची गोष्ट निघाली की बाजारातील वृद्ध मंडळींचे बोलणे हटकून जुन्या शकुंतलेकडे वळते. कळंबास ती कधी आली नाही. ती यवतमाळाहून दारव्हा-कारंज्यावरून मूर्तिजापुरास व तेथून अचलपुरास जात असे. तरी तिच्या आठवणीने डोळे पाणावणारी माणसे येथेही आहेत. हा केवळ म्हातारपणचा हळवेपणा आहे, की त्यात विचार करण्याजोगे काही आहे, हे पाहणे अवश्य आहे.

प्रथम विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकून घेऊ. अडीच फूट रुंदीचे रूळ, ताशी वीस किलोमीटरांच्या आसपासची चाल, मूर्तिजापूर ते अचलपूर या ७६ किलोमीटरांस चार तास! शिवाय हा मार्ग किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या पुढाकाराने घातला गेला तो वऱ्हाडच्या कल्याणासाठी नव्हे. येथील कापूस मुंबई बंदरात व तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांत जावा यासाठी. तिचे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरातच घडले. मग दास्याची ही खूण जपावी कशाला, असा प्रश्न आमच्याच पक्षाचे तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे.

परंतु उत्तरही सरळ आहे. भांडवल परक्याचे असले तरी भराव घालताना घाम गाळला तो आपल्या मजुरांनी, आणि भाडे भरले ते वऱ्हाडच्या रयतेने. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तरांहून अधिक वर्षे, ते इंजिन धावते ठेवले ते मँचेस्टरच्या साहेबाने नव्हे. साहेब केव्हाच गेला. किलिक निक्सनही पुढे हिंदी भांडवलाच्या हाती आली. या इंजिनाचे वेड माणसास का लागते, याचे मर्म आमच्या मते येथेच आहे. विस्तव दिसतो, पाणी उकळताना ऐकू येते, दट्ट्या पुढेमागे सरकतो आणि चाक फिरते. पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरासही यंत्र कसे चालते ते उमगते. बिघाड झाला तर हातोडी घेऊन बसणारा कारागीर तो शोधून काढतो. आजची पुष्कळशी यंत्रे मोहोरबंद पेटीसारखी असतात. ती बिघडली की फेकून नवी आणावी, एवढेच ग्राहकाच्या हाती उरते. पायाने चालणारे शिवणयंत्र तीन पिढ्या वापरणारे शिंपी आपल्याकडे आहेत, ते काही जुन्याच्या मोहाने नव्हे. जे उघडता येते ते आपले, असा त्यांचा साधा हिशेब आहे.

जुन्या साधनाचा उद्धार कसा करावा, याचा धडा घेण्यासाठी आम्हांस दूर जाण्याचे कारण नाही. कळंबच्या गाडीत बसून वर्ध्यास उतरले की सेवाग्राम जवळच आहे. चरखा हे यंत्र गिरण्यांनी मोडीत काढले होते. महात्माजींनी ते माळ्यावरून खाली काढले, परंतु त्याची नुसती पूजा मांडली नाही. सुधारलेल्या चरख्यासाठी १९२९ साली एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, आणि पुढे येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी पेटीत मावणाऱ्या चरख्यास रूप दिले. जुन्यास कामास लावणे व ते लावताना सुधारणे, ही ती रीत होय. शकुंतलेच्या बाबतीत आम्ही उलटे करतो: गाडीच्या नावाने गहिवरतो, आणि रुळांवर बाभळी वाढू देतो.

असे का झाले? वकिलीच्या धंद्यात आम्ही भाड्याच्या वाड्यांचे पुष्कळ दावे पाहिले. छप्पर गळते, मालक म्हणतो राहणाऱ्याने शाकारावे, राहणारा म्हणतो मालकाने. दरम्यान भिंत पडते. देशातील आगगाड्या सरकारच्या झाल्या, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडे राहिली आणि गाडी चालवी रेल्वे. अशा दुहेरी कारभारात दुरुस्ती अनाथ राहावी यात नवल ते काय? गेल्या दहा-बारा वर्षांत दोन्ही फाट्यांवरील गाड्या बंद पडल्या.

बंद पडलेले पुन्हा चालत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. वेल्समधील टॅलिलिन ही पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी घातलेली चिमुकली रेल्वे. खाण १९४६ साली बंद झाली. पण १९५१ पासून हौशी स्वयंसेवकांनी ती स्वतः चालविली, आणि जगात असा हा पहिलाच प्रयोग ठरला. आपल्याच राज्यात १९०७ सालची माथेरानची गाडी २०१९ च्या पावसाने उखडली होती. २०२२ च्या ऑक्टोबरात ती नेरळहून पुन्हा डोंगर चढली. माथेरानास मुंबईचे प्रवासी आहेत, दारव्ह्यास कोण येणार, ही शंका व्यापारी मंडळी काढतील. ती खोटी नाही. म्हणूनच १८९ किलोमीटरांचा सगळा मार्ग जुन्याच रुळांवर ठेवा, असा हट्ट आम्ही धरीत नाही. गाठी वाहून न्यावयाच्या तर ब्रॉडगेजच हवे, आणि शेतकऱ्याचा माल चार तास रखडावा हे कोणत्याही आठवणीच्या मोबदल्यात आम्हांस मान्य नाही.

मागणी इतकीच की यवतमाळ ते दारव्हा या बाजूस जेथे रूळ शाबूत असतील तेथील एक टप्पा भंगाराच्या लिलावातून वगळावा, त्याच्या मालकीचा व दुरुस्तीचा प्रश्न लेखी करारान्वये एकाच संस्थेच्या गळ्यात घालावा, आणि वाफेच्या इंजिनावर काम केलेले जे वृद्ध फिटर व ड्रायव्हर हयात असतील त्यांस मानधन देऊन त्यांच्या हाताखाली तंत्रशाळेची दहा पोरे द्यावीत. रूळ मागाहूनही घालता येतील. हे शिक्षक ऐंशीच्या घरात आहेत. यवतमाळ व कळंबच्या व्यापारी मंडळींनी या कामी वर्गणीचा पहिला आकडा कोण घालतो ते येत्या दसऱ्यापूर्वी ठरवावे.