शेजाऱ्याचे वतन

घरात आपण ‘वतन’ म्हणतो ते मायभूमीला. तहसीलच्या जुन्या कागदांत तोच शब्द इनामहक्काचा. जिंतूर तालुक्यातल्या आपल्या आंध शेजाऱ्यांकडे पहिले वतन आहे. कागदासाठी मात्र हेलपाटे.

अमेरिकेतल्या होपी आदिवासींना १८८२ साली सरकारने निदान राखीव प्रदेश आखून दिला, आंधांना अशी हद्द कधी मिळालीच नाही. परभणीत अनुसूचित क्षेत्र नाही. १९९९ला हिंगोली वेगळा झाला आणि त्यांच्या वस्त्याही दोन जिल्ह्यांत वाटल्या गेल्या.

आधार उरतो तो २००६च्या वनहक्क कायद्याचा. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेपुढे जातो, आणि त्या सभेत आपणही बसतो. (बसतो का, हा वेगळा प्रश्न!)

कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. तो वडीलधारा आदिवासीच हवा, असे कायदा म्हणत नाही. साक्ष लपवू नये, हे तर आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. म्हणून आम्ही म्हणतो, त्या रानात शेजाऱ्याचा नांगर चालताना आपल्या दादाजानने पाहिला असेल, तर पुढच्या ग्रामसभेला त्यांना सोबत न्या.