‘ढ’ कोणाला म्हणता?

आमच्या वांगणीत अनेक अंध कुटुंबे राहतात. लोकलमध्ये चार वस्तू विकून ती संसार चालवितात. त्यांच्यापैकी कोणाला ‘जरा लक्ष दे, म्हणजे दिसेल!’ असे सांगण्याचा मूर्खपणा येथे कोणी करीत नाही. पण याच गावात, आणि वाचकहो, तुमच्याही गावात, अक्षरापुढे अडखळणाऱ्या पोराला नेमका हाच उपदेश रोज केला जातो, आणि वर पाठीत धपाटाही मिळतो. या अन्यायाविरुद्ध मला आज भांडावयाचे आहे.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मुलगा चलाख, नजर निर्दोष, हिशेबात तरबेज. पण वाचन काही केल्या येईना. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांच्या पुढे गेला असता, असे त्याचे मास्तर म्हणत. डॉक्टराने या अवस्थेला ‘शब्दांधत्व’ म्हटले. आज तिला डिस्लेक्सिया म्हणतात.

बरे, अडचण एकाच जातीची नसते. कोणी ‘घ’चा ‘ध’ वाचतो आणि जोडाक्षर आले की थबकतो. कोणी तोंडी उत्तर घडाघडा देतो, पण कागदावर काना-मात्रांचा चिखल करतो, तो डिस्ग्राफिया. कोणाची गाडी आकड्यांत अडते, ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी आणि लिहिताना दोन आधी, यातच तो हरवतो, तो डिस्कॅल्क्युलिया. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्राने त्याची यथेच्छ थट्टा केली. त्या हशात अडखळणाऱ्या पोराची आठवण किती जणांना झाली?

डोके दुखो वा पोट, एकच काढा पाजणाऱ्या वैद्याला आपण दारात उभे करणार नाही. या तिन्ही मुलांना मात्र आपण एकाच क्लासात कोंबतो आणि वर ‘आळशी’ म्हणतो!

‘आमच्या वेळी असले काही नव्हते,’ असे वडीलधारी मंडळी ऐकवितात. होते, आजोबा, होते! तुमच्या वर्गातील ती मुले चौथीतच शाळा सोडून गुरांमागे गेली. तुम्ही पुढच्या इयत्तेत गेलात आणि त्यांना विसरलात.

महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलती आहेत. जादा वेळ मिळतो, गरज असल्यास लेखनिक मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही त्यांना मान्यता दिली. पण त्यासाठी तपासणी हवी, दाखला हवा. आणि येथेच आईबापांचे पाय अडखळतात. ‘लोक काय म्हणतील? उद्या लग्न कसे जमेल?’ लोकांच्या तोंडाला भिऊन पोराचे हक्काचे साहाय्य नाकारणे याला मी माया म्हणत नाही. सरकारलाही माझे सांगणे आहे की, ही तपासणी प्रत्येक तालुक्याच्या गावी, फुकट आणि वेळेवर झाली पाहिजे. गरिबाने रोज बुडवून किती खेपा घालाव्या?

आणि तुम्हांला एवढेच मागणे: या दिवाळीत चकलीचा तुकडा मोडता मोडता ‘सहामाहीत किती मार्क?’ असे कोणाच्या मुलाला चारचौघांत विचारू नका. त्याला काय येते ते विचारा, आणि तो सांगेल ते पुरते ऐकून घ्या.