छातीतील धडधड आणि जगण्याची रीत

माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि निरोगी माणसाला त्यातील एकाही ठोक्याची सहसा जाणीव नसते. ती जाणीव होऊ लागली की मनात भीती शिरते. ठोका चुकल्यासारखा वाटतो, छातीत पाखरू फडफडल्यासारखे होते, नाडी धावू लागते. सुस्थितीतील माणूस अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो. त्याचा कार्डिओग्राम निघतो, रक्त तपासले जाते, गोळी मिळते आणि सोबत सल्लाही मिळतो: तंबाखू व मद्य सोडा, चहा बेताने घ्या, सात-आठ तास झोपा, रोज चाला, चिंता करू नका. हा सल्ला शास्त्रशुद्ध आहे. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्याला तो दिला जातो त्याच्या हातात त्यातील किती गोष्टी असतात?

धडधड हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. बहुसंख्य वेळा ते निरुपद्रवी असते. एखादा ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतर क्षणभर विराम येतो आणि पुढचा ठोका जोराने जाणवतो. एवढ्याने कोणी मरत नाही. ताप, जागरण, भीती, निकोटीन यांनीही नाडी वेगावते. परंतु याच लक्षणामागे कधी रक्तक्षय असतो, कधी थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, कधी हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर. धडधडीबरोबर भोवळ येत असेल, शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर एक दिवसही थांबू नये. साधे आणि गंभीर यांतील हा भेद करण्याचे साधन नवे नाही. आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हृदयाच्या विद्युत्‌प्रवाहाचा आलेख काढून दाखवला आणि १९२४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून शंभर वर्षे लोटली. तरीही धडधड चालू असतानाच आलेख निघावा, हे खेड्यातील रोग्याच्या दृष्टीने अजून दैवाधीन आहे. धडधड थांबल्यावर तालुक्याला पोचून काढलेला आलेख पुष्कळदा निर्दोष येतो आणि ‘काही झालेले नाही’ असे सांगून रोग्याला परत पाठवले जाते.

या परत पाठवल्या जाणाऱ्यांत स्त्रिया अधिक असतात, हा योगायोग नाही. बाईने छाती धडधडते म्हटले की घरचे म्हणतात मनाला लावून घेते, आणि दवाखान्यातही बहुधा त्याच अर्थाचे काही तरी ऐकू येते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्यच अपुरे असले की हृदयाला ती उणीव अधिक ठोके मारून भरून काढावी लागते. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईची छाती धडधडते ती अनेकदा मनाच्या दुबळेपणाने नव्हे, ताटातील उणिवेने. तिचे औषध मन शांत करणारी गोळी नव्हे. लोहाच्या गोळ्या, पोटभर आणि सकस अन्न, आणि वारंवारच्या बाळंतपणापासून सुटका हे आहे. रक्त भरून आल्यावरही त्या गोळ्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोह अंगी कमी लागते, एवढे साधे ज्ञानदेखील तिच्यापर्यंत कोणी पोचवत नाही. भूक मारण्यासाठी ती मिश्री लावते. त्या मिश्रीतील निकोटीन नाडी आणखी वेगावते, पण तो दोष केवळ तिच्या सवयीच्या खात्यावर मांडता येणार नाही.

याहून गंभीर गोष्ट सांध्यांच्या तापाची. दाट वस्तीत, कोंदट खोलीत वाढणाऱ्या मुलाच्या घशाला जंतुसंसर्ग होतो, पुढे सांधे सुजतात, आणि काही मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. ऐन तारुण्यात धडधड सुरू होते. वरचे कप्पे नुसते थरथरू लागतात, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूकडे गेली की चालत्याबोलत्या माणसाला अर्धांगवायू होतो. हे टाळता येते. ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. झडपेच्या रोग्याला थरथर सुरू झाल्यावर रक्त गोठू न देणारे वॉरफरिन घ्यावे लागते. अशा रोग्यांना नवे, महागडे औषध अधिक हितकर ठरेल काय, याचा शोध अनेक देशांतील साडेचार हजारांहून अधिक रोग्यांवर घेण्यात आला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत जुने, स्वस्त औषध घेणाऱ्या गटातच मृत्यू कमी झाल्याचे दिसले. मात्र या स्वस्त औषधाची एक अट आहे: रक्ताची चाचणी वारंवार करून मात्रा ठरवावी लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. औषध काही रुपयांचे, पण चाचणीसाठी जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या मजुराचा दिवसाचा रोज बुडतो आणि एस्टीचे भाडे वेगळे. मग तो चाचणी सोडतो, काही दिवसांनी गोळीही सोडतो, आणि नोंद होते ती ‘रोग्याच्या निष्काळजीपणा’ची.

औषधांच्या किमतीचा प्रश्न सुटला आहे असेही नाही. प्रोप्रानोलॉल हे नाडीचा वेग आवरणारे औषध जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात सिद्ध केले. त्या जातीची औषधे आज जुनी आणि बहुतांशी स्वस्त आहेत. दम्याच्या रोग्याने ती डॉक्टरला विचारल्याखेरीज घेऊ नयेत आणि कोणीही ती एकाएकी थांबवू नयेत. थांबवल्यास हृदय पूर्वीपेक्षा अधिक उसळते. म्हणजे या रोग्याला औषधाचा पुरवठा अखंड हवा. हाथी समितीने १९७५ सालीच औषधे मूळ नावाने विकावीत, व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करावीत अशी शिफारस केली होती. ती फायलीत राहिली. २०१३च्या किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकाशी जोडल्या, आणि २०२३ साली उत्पादकांना एकाच वर्षात १२ टक्क्यांहून अधिक दरवाढीची मुभा मिळाली. मजुरी निर्देशांकाच्या मागे लंगडत जाते. औषधाची किंमत मात्र त्याचे बोट धरून चालते.

आता जीवनपद्धतीकडे वळावे. मद्याविषयी शंकेला जागा उरलेली नाही. हृदयाच्या थरथरीचा विकार असलेल्या मद्यपींपैकी ज्यांनी मद्य वर्ज्य केले त्यांच्यात विकाराची पुनरावृत्ती कमी झाली, असे ऑस्ट्रेलियातील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. तंबाखूविषयी तर बोलायलाच नको. ही पथ्ये श्रमिकानेही पाळलीच पाहिजेत. ‘गरिबीमुळे व्यसन’ हे स्पष्टीकरण आहे, समर्थन नव्हे. परंतु झोपेचे काय? यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्याने, एका आठवड्यात दिवसा आणि पुढच्या आठवड्यात रात्री जागणाऱ्याने, दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांत निजणाऱ्याने सात तासांची स्वस्थ झोप आणावी कोठून? सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहील आणि कामगाराची संमती घेतली जाईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. ज्याला नोकरी टिकवायची आहे त्याच्या संमतीला किती अर्थ असतो, हे युनियनमध्ये काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. एका हाताने विश्रांतीचा सल्ला द्यायचा आणि दुसऱ्या हाताने विश्रांतीचे तास काढून घ्यायचे, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे.

म्हणून या विषयातील मागण्या स्पष्ट असायला हव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू स्थितीतील कार्डिओग्रामचे यंत्र आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस हवा. वॉरफरिन घेणाऱ्यांची चाचणी तालुक्याच्या रुग्णालयात व्हावी आणि त्या दिवसाची मजुरी भरून मिळावी. पेनिसिलिनचे इंजेक्शन आणि नाडी आवरणाऱ्या गोळ्या यांचा साठा महिन्याच्या विसाव्या तारखेला संपू नये. पाळ्यांचे तास ठरवताना कामगाराच्या झोपेचा विचार कायद्याने बंधनकारक व्हावा. या मागण्या क्रांतिकारक नाहीत. १९४६ साली भोर समितीने कुवतीच्या अभावी कोणीही उपचारावाचून राहू नये असा जो आग्रह धरला, त्याच्याच त्या पुढच्या पायऱ्या आहेत.

कार्यकर्त्यांचे काम मोर्च्याच्या आधीच सुरू होते. वस्तीत कोणाची छाती धडधडत असेल तर त्याची नाडी घड्याळ लावून मोजावी, ठोके एकसारखे पडतात की बेताल हे पाहावे, केव्हा सुरू झाले नि केव्हा थांबले ते कागदावर लिहून द्यावे. एवढ्या टिपणानेही डॉक्टरचे निम्मे काम सोपे होते आणि रोग्याचे म्हणणे ऐकले जाते. आणि जागरणे, उपाशीपोटी चहा व विडी यांवर वर्षानुवर्षे चळवळ ओढणाऱ्या कार्यकर्त्याने तीच दोन बोटे कधी स्वतःच्या मनगटावरही ठेवावीत. दुसऱ्याच्या विश्रांतीसाठी लढणाऱ्याने स्वतःच्या विश्रांतीला चैन मानणे, हा त्याग नसून हिशेबातील चूक आहे.