बिल्ला कोणाचा?

तोरणमाळच्या शिबिरात दुसऱ्या रात्री थंडी वाढली आणि सगळ्याजणी शेकोटीजवळ सरकल्या. तेव्हा एका जुन्या कार्यकर्तीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. आत बिल्ले होते. शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला, आठ मार्चचे, नर्मदा आंदोलनाचे, कामगार युनियनचे. त्यांत एक परका होता. अमेरिकेतल्या भाच्याने तिथल्या जुन्या बाजारातून आणलेला, ‘लेडीज ऑफ द मॅकाबीज’चा. “मावशी, हे जमवून काय करायचं?” एका मुलीने विचारले. काहीजणींना ती नुसती हौस वाटली. मला तसे वाटत नाही.

आधी तो परका बिल्लाच घेऊ. १८६८ साली पेनसिल्व्हेनियात ‘एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन’ निघाली. सभासद मेला की बाकीच्यांनी थोडीथोडी वर्गणी काढून त्याच्या कुटुंबाला रक्कम द्यायची. अशी मंडळे पुढे पुष्कळ निघाली. कोटावर मंडळाची पिन लावलेला माणूस परगावीही आपला म्हणून ओळखता येई. त्यांतल्या अनेकांची दारे काळ्या लोकांना बंद होती. बाईला पैसे मिळत ते विधवा म्हणून. ती स्वतः मेली तर घराचे काय बुडते, हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. १८९२ साली बिना वेस्ट या शिक्षिकेने मिशिगनमध्ये बायकांनीच चालवलेले ‘लेडीज ऑफ द मॅकाबीज ऑफ द वर्ल्ड’ उभे केले आणि बाईच्या जिवाचा विमा बाईच्या नावाने उतरू लागला. ती पिन आज संग्राहकांच्या हाती जाते ती मुलामा शाबूत आहे का, एवढे पाहून.

आपल्याकडे वेगळे काय होते? सातपुड्यातल्या बायकांच्या अंगावरची चांदी अडीअडचणीत सराफाकडे जाते, तिथून शहरातल्या दिवाणखान्यात ‘अँटिक’ म्हणून पोचते. मालकिणीचे नाव वाटेतच गळते. चळवळीचेही तेच. घाट उतरला की शहादा. तिथे १९७२ पासूनच्या श्रमिक संघटनेच्या लढ्यात भिल बायकांनी दारूविरुद्ध उचल खाल्ली. ते घडले हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांतल्या किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील? आपल्या कितीतरी संघटनांत वर्गणीची पावती नवऱ्याच्या नावाने फाटत आली. पावती त्याची, मोर्चात पाय तिचे! अशा वेळी पदराला लावलेला बिल्ला हाच काय तो तिच्या सभासदत्वाचा पुरावा.

म्हणून बिल्ले जमवावेत, पण संग्राहकासारखे नव्हे. कोणी लावला, कुठे लावला, का काढला, हे सोबत लिहून ठेवावे. मावशींच्या डब्यातल्या लाल बिल्ल्याची पिन गंजली आहे. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाहून परतताना एसटीत शेजारच्या बाईने तो पदरावरून काढून त्यांच्या हातात दिला. घरी सासऱ्याला दिसला तर भांडण होईल, म्हणाली. तिचे गाव मावशींना आठवते, पण नाव विचारायचे राहून गेले.

पुढच्या शिबिराला येताना आपापले डबे आणा. प्रत्येक बिल्ल्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधून आणा. लिहिता येत नसेल तिने सांगावे, बाकीच्या लिहून घेतील.