खलनायकाचे काय चुकले?

सिनेमावरून घरात भांडणे होणे ही काही नवी गोष्ट नाही. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये पडद्यावर आलेल्या चित्रपटावरून आजही ताटावर बसलेली माणसे भांडावीत, याचे आम्हाला नवल वाटले. चित्रपटाचे नाव 'ब्लॅक पँथर'. आक्काच्या मुलाने परवा तो मोबाईलवर हिंदीत लावला आणि शेवट होताच त्याची व त्याच्या बहिणीची अशी जुंपली की भाकरी निवून गेल्या. तो म्हणे, खलनायकच बरोबर होता. ती म्हणे, तू पिक्चर नीट पाहिलाच नाहीस.

हे भांडण एकट्या आमच्या घरातले नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांत ते पहिल्या आठवड्यातच सुरू झाले आणि अजून मिटलेले नाही. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो.

वकांडा नावाचा आफ्रिकेतला एक काल्पनिक देश. त्याच्या पोटात व्हायब्रेनियम नावाचा अद्भुत धातू आहे. त्याच्या बळावर हा देश विज्ञानात जगाच्या पुढे गेला आहे, पण बाहेर आपण गरीब गुराख्यांचा देश असल्याचे सोंग घेऊन बसला आहे. गोऱ्यांचे राज्य तिथे कधी आलेच नाही. तिथला तरुण राजा टचाला हाच ब्लॅक पँथर. त्याचा काका एन्जोबू हेर म्हणून अमेरिकेत ओकलंड शहरात राहत होता. तिथल्या काळ्या माणसांचे हाल पाहून त्याने त्यांच्या हाती शस्त्रे देण्यासाठी तो धातू चोरवला. १९९२ साली टचालाच्या बापाने, म्हणजे सख्ख्या भावाने, त्याला ठार केले आणि त्याचे लहान पोर तिथेच टाकून तो निघून गेला. हे पोर अमेरिकेच्या लष्करात गेले, माणसे मारायला शिकले आणि एक दिवस सिंहासन मागायला वकांडाच्या दारात उभे राहिले. तोच खलनायक, किलमाँगर. टचालाचे काम चॅडविक बोझमन याने केले आहे व किलमाँगरचे मायकेल बी. जॉर्डन याने.

चित्रपटाच्या थोरवीबद्दल फारसा वाद नाही. जगभरात त्याने १३० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला सुपरहिरोपट, आणि २०१९ साली त्याला तीन ऑस्कर मिळाली. त्यातली दोन रूथ कार्टर (वेशभूषा) आणि हॅना बीचलर (कलादिग्दर्शन) या कृष्णवर्णीय स्त्रियांची. या दोन्ही विभागांत असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय कलावंत. राजमाता रामोंडाच्या डोक्यावरची टोपी झुलू स्त्रियांची, सीमेवरच्या योद्ध्यांच्या अंगावरची घोंगडी लेसोथोची. आफ्रिका म्हणजे भूक आणि झोपड्या एवढेच पाहत आलेल्या मुलांना हे पडद्यावर दिसले, ही लहान गोष्ट नव्हे.

किरकोळ दोषही चाहते बिनदिक्कत दाखवतात. वकांडा पूर्व आफ्रिकेत, मग लोक दक्षिण आफ्रिकेची खोसा भाषा का बोलतात? शेवटची मारामारी खाणीतल्या रेल्वेरुळांवर होते आणि ती व्हिडिओ गेमसारखी दिसते. या दुसऱ्या मुद्द्यावर आम्ही चाहत्यांच्या बाजूचे आहोत. दोन रबरी बाहुले एकमेकांवर आपटावेत तसे ते दृश्य आहे, आणि इतक्या मोठ्या भाऊबंदकीचा निकाल तिथे लागावा याचे वाईट वाटते.

मूळ कॉमिक्स वाचणाऱ्यांची तक्रार निराळी. स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी ब्लॅक पँथर १९६६ साली निर्माण केला, किलमाँगर १९७३ मध्ये आला. कॉमिक्समधला किलमाँगर जन्माने वकांडाचा, हद्दपार होऊन न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेला. दिग्दर्शक रायन कूगलर यांनी त्याला राजाचा चुलतभाऊ केले, आणि जन्म दिला ओकलंडमध्ये. कूगलर स्वतः तिथलेच. आमच्या मते हा बदल म्हणजेच चित्रपटाचा जीव आहे. त्यामुळे परका शत्रू राहत नाही, घरातले टाकलेले पोर समोर येते.

इथे भाच्याने मध्येच विचारले, "मामा, आपल्या पँथरचे नाव यावरूनच पडले का?" नाही रे बाबा! कॉमिक्समधला पँथर जुलै १९६६ चा. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभारली ती या पार्टीच्या प्रेरणेने. गंमत अशी की, त्याच १९७२ साली कॉमिक्सवाल्यांनी आपल्या नायकाचे नाव बदलून 'ब्लॅक लेपर्ड' करून पाहिले, कारण त्यांना पार्टीशी संबंध जोडला जायला नको होता. नाव थोड्याच दिवसांत परत आले. ज्या नावाची तिकडे कंपनीला अडचण झाली, ते इकडे पोरांनी छातीवर मिरवले.

आता मुख्य वाद. किलमाँगर विचारतो ते साधे आहे. जगभर आपल्यासारख्या माणसांची मान आवळली जात असताना तुम्ही सारे असून लपून कसे बसलात? याला दरबारात कोणाजवळ उत्तर नाही. म्हणूनच तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ख्रिस्टोफर लेब्रॉन यांनी 'बोस्टन रिव्ह्यू'मध्ये चित्रपटावर कडक टीका केली. आफ्रिकेचा राजा थोर दाखवला, पण त्याची किंमत अमेरिकेतल्या काळ्या पोराला गुंड ठरवून वसूल केली, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. चाहत्यांपैकी अनेकांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले. सी.आय.ए.चा गोरा अधिकारी रॉस हा मात्र शस्त्रे नेणारी विमाने पाडून वीर ठरतो! काँगोचे पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना मारण्याचा कट याच सी.आय.ए.ने रचला होता, हे १९७५ साली अमेरिकेच्याच सिनेट समितीने उघड केले. आफ्रिकेला वाचवायला सी.आय.ए. धावली, हे आमच्याही घशाखाली उतरत नाही.

पण भाचीचे म्हणणेही खोटे नव्हते. किलमाँगर आपल्याच सोबतिणीला गोळी घालतो. राजाला शक्ती देणारी वनस्पती जपणाऱ्या म्हातारीचा गळा धरतो आणि ती वनस्पती जाळायला लावतो, म्हणजे मागून कोणी पँथर होऊच नये. त्याला वकांडाच्या साम्राज्यावर सूर्य मावळू द्यायचा नाही. ही भाषा कोणाची, हे आपल्या आजोबांना कोणी विचारले असते तर त्यांनी लगेच सांगितले असते. याचे चाहते म्हणतात, त्याच्या तोंडी खरा प्रश्न दिला आणि तो कोणाला पटू नये म्हणून त्याचे हात रक्ताने माखवले. आम्हालाही लेखकांनी हे थोडे मुद्दाम केले असे वाटते.

तरीही त्यांना खलनायक एवढाच दाखवायचा असता, तर एक दृश्य त्यांनी घातलेच नसते. ती वनस्पती पिऊन टचाला पूर्वजांना भेटतो तेव्हा मोकळे माळरान दिसते, झाडावर काळे पँथर बसलेले. किलमाँगर पितो तेव्हा त्याला दिसते ओकलंडमधली तीच लहानशी खोली. तो तिथे पुन्हा लहान पोर होतो. बाप विचारतो, माझ्यासाठी रडला नाहीस? पोर सांगते की इकडे माणसे मरतातच. एकाच घराण्यातले दोघे, एकाला पूर्वजांचे रान मिळाले आणि दुसऱ्याला बाप मेला ती खोली. पुढे टचालाही पूर्वजांच्या तोंडावर सांगतो की तुम्ही सारे चुकलात. राजाच्या तोंडून हे वदवून घेतले ते त्या पोरानेच.

भाचीने मग एक गोष्ट काढली आणि आम्ही गप्प झालो. सारे जण राजा की किलमाँगर एवढेच भांडतात, नाकियाचे नाव कोणी घेत नाही. नायजेरियात पळवलेल्या बायांना ही बाई सुरुवातीलाच सोडवते, आणि दार उघडून गरजूंना मदत करा हे ती राजाला किलमाँगर येण्याआधीच सांगते. शेवटी राजा ओकलंडच्या त्याच वस्तीत इमारती घेऊन केंद्र उघडतो, तेव्हा तिथले समाजकार्य तिच्याच हाती देतो. भाचा थोडा वरमला, पण हार मानली नाही. "उघडले केंद्र, पण तो मेल्यावर ना?" असे म्हणून त्याने गार भाकरी पुढे ओढली.

आक्का एवढा वेळ भांडी आवरत ऐकत होती. तिने विचारले, "त्या पोराची आई कुठे होती रे?"

आम्ही आठवून पाहिले. चित्रपटभर ती कुठेच दिसत नाही.