म्हापशाची सायबीण, शिरगावची लईराई

ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी म्हापशाच्या सेंट जेरोम इगर्जीत मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त भरते. त्या दिवशी इगर्जीच्या दारात जी रांग लागते, तीत कुंकू लावलेल्या बाया किती आणि गळ्यात क्रूस घातलेल्या किती, याची मोजदाद कोणी करीत नाही. तेल दोघीही वाहतात. नवस बोलावयाचा वा फेडावयाचा आणि बाहेर येऊन खाज्यांचा पुडा घेऊन घर गाठावयाचे, हा बारदेशचा जुना शिरस्ता आहे. आमच्या वाचकांना त्यात नवल वाटणार नाही. नवल परक्यांना वाटते. आपल्यापैकी काहींना मात्र अलीकडे त्याचा संकोच वाटू लागला आहे. त्या संकोचाविषयी आम्हांस लिहावयाचे आहे.

कथा सर्वश्रुत आहे. सात बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा गोमंतकात येऊन निरनिराळ्या गावी स्थिरावले. शिरगावी लईराई, मुळगावी केळबाय, मये येथे महामाया, मोरजीस मोरजाई. त्यांतलीच एक मिराबाई म्हापशास राहिली आणि पुढे तीच मिलाग्रिस सायबीण झाली. फेस्ताला लईराईकडून तेल म्हापशास जाते व लईराईच्या जत्रेला सायबिणीकडून फुले शिरगावी येतात, अशी परंपरा सांगितली जाते. सासरी गेलेल्या बहिणीची विचारपूस व्हावी, तसा हा व्यवहार.

ही कथा पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहावयाची नव्हे. परंतु तिच्या पाठीमागे इतिहास आहे आणि तो गोड नाही. सोळाव्या शतकात बारदेशातील देवळे जमीनदोस्त झाली. 1560 साली गोव्यात आलेले इन्क्विझिशन 1812 पर्यंत मुक्काम ठोकून होते. म्हापशाची इगर्ज 1594 ची. शिरगाव ज्या डिचोली महालात येते, तो महाल मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोर्तुगिजांच्या हाती गेला नव्हता. म्हणजे जवळजवळ दोन शतके एक बहीण परकीय अमलाखाली होती आणि दुसरी त्याबाहेर. मध्ये राज्याची सीमा होती, धर्माची भिंत होती आणि त्या भिंतीवर पहारा होता. 1736 च्या फर्मानाने तर नवख्रिस्त्यांच्या लग्नकार्यांतील हिंदू रीतिभातींवरही बंदी घातली. एवढी सत्ता हाताशी असणाऱ्यांना जे नाते तोडता आले नाही, ते टिकविले कोणी? पंडितांनी नव्हे, पाद्र्यांनी तर नव्हेच. ते टिकविले तेल वाहणाऱ्या बायाबापड्यांनी.

आमचे काही मित्र विचारतात, जेथे आपली देवळे पाडली गेली, तेथे हिंदूंनी माथा टेकवावा काय? प्रश्न रागाने विचारला जातो, म्हणून तो उडवून लावणे बरे नव्हे. पाडलेली देवळे आम्ही विसरलो नाही आणि कोणी विसरावीत असेही म्हणत नाही. पण त्या जुलमाचा जाब आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे मागावयाचा, हा कोणता न्याय? त्या शेजाऱ्याचा पूर्वज त्याच जुलमाखाली भरडला गेला होता. पोर्तुगिजांनी गोमंतकीयांचे राष्ट्रीयत्व कसे पुसून टाकले, हे 1944 साली परखडपणे लिहिणारे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा ख्रिस्ती घराण्यातलेच होते. 18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. लोहियांच्या बरोबर डॉ. जुलियांव मिनेझिस उभे होते.

2024 च्या ऑक्टोबरात सेंट झेवियरच्या शवाची डीएनए चाचणी करा, अशी मागणी करण्यात आली. लोक रस्त्यावर उतरले, मडगावात वाहतूक अडली आणि चार दिवस गोवा धुमसत राहिला. मागणी विद्वत्तेची नव्हती, डिवचण्याची होती. पुढे नोव्हेंबरात शवप्रदर्शन सुरू झाले, ते 5 जानेवारी 2025 पर्यंत चालले.

संकोच एका बाजूलाच आहे असेही नाही. तेल वाहणे ही जुन्या अंधश्रद्धेची खूण, असे मानणारे सुशिक्षित तिकडेही भेटतात. आणि तिसरा वर्ग आहे ‘सर्वधर्मसमभावा’चे फलक लावून त्यांवर स्वतःची छबी झळकविणाऱ्यांचा. त्यांना आमचे एवढेच सांगणे की, सायबिणीला तुमच्या फलकाची गरज नाही. पर्यटन खात्याच्या पत्रिकेत फेस्ताला ‘सांस्कृतिक महोत्सव’ म्हणून बसविण्याचा मोहही आवरावा. फेस्ताची फेरी म्हणजे बारदेशच्या संसाराची बेगमी आहे. पावसाळ्यापूर्वीचे पुरुमेंत, खारे मासे, सोले, मिरच्या आणि लाकडी सामान येथून घरोघर जाते. कलाकारांसाठी मंच उभारण्यापायी या विक्रेत्यांना कडेला सारले, तर फेस्तात उरणार काय?

सरकारला करण्याजोगे खरे काम निराळेच आहे. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. होमकुंडाच्या दर्शनाला आलेली माणसे उतारावरच्या अरुंद वाटेत चिरडली गेली. म्हापशाचे फेस्त दोनच दिवसांवर होते. पंचमीची जत्रा आणि सायबिणीचे फेस्त अशी कित्येकदा लागोपाठ येतात आणि गर्दीही बव्हंशी तीच असते. तेव्हा दोन्ही ठिकाणचा बंदोबस्त एकत्र बसून आखावा. येण्याची वाट निराळी व जाण्याची निराळी असावी, रुग्णवाहिकेसाठी एक रस्ता दिवसभर मोकळा राहावा, पालवाल्यांना जागा आधी आखून द्याव्यात. फेरीतील विक्रेत्याकडून सोपो वसूल करणाऱ्यांनी त्याला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला निदान प्यायचे पाणी आणि शौचालय द्यावे. देवस्थान समिती, इगर्जीचे पाद्री, पोलीस आणि पालिका यांची ही बैठक ईस्टरपूर्वी, चाळीस दिवसांच्या उपवासाच्या काळातच व्हावयास हवी.