झाकण मिटले, तरी लॅपटॉप जागाच!

घरातली यंत्रे

रात्रभराच्या कामासाठी लॅपटॉप मिटूनही चालू ठेवता येतो. पण तो कुठे, कसा आणि किती वेळ जागा ठेवायचा, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

बंगळुरूत बेल्लंदूर, व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या मराठी घरात रात्री अकराच्या सुमारास डोकावून पाहा. मुले झोपलेली असतात. उद्याच्या डब्याची भाजी चिरून फ्रीजमध्ये गेलेली असते. जेवणाच्या टेबलावर मात्र एक लॅपटॉप अर्धवट उघडा असतो. झाकण पूर्ण मिटू नये म्हणून फटीत मुलाचा खोडरबर खोचलेला असतो. कोणी तो नीट बंद करायला जावे, तर आतल्या खोलीतून आवाज येतो, ‘‘अगं, मिटू नकोस! काम चालू आहे त्यावर!’’

गावाहून आलेल्या सासूबाईंना हा प्रकार अजब वाटतो. माणूस झोपायला गेला, मग यंत्राने जागे राहून काय करायचे? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर आता प्रत्येक घराला माहीत असणे गरजेचे झाले आहे. कारण जागा राहिलेला लॅपटॉप गादीवर किंवा दप्तरात गेला, तर तो धोक्याचाही ठरू शकतो.

झाकण न मिटण्याची ही सवय घराबाहेरही पोहोचली आहे. २०२४ मध्ये बंगळुरूत स्कूटर चालवताना मांडीवर उघडा लॅपटॉप घेऊन मीटिंगला हजर असलेल्या एका माणसाची चित्रफीत देशभर फिरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये गाडी चालवता चालवता लॅपटॉपवर काम करणाऱ्या एका महिलेला वाहतूक पोलिसांनी दंड केला आणि काम घरून करा, गाडीतून नको, अशी समजही दिली. टॉमटॉम या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ साली बंगळुरूत १० किलोमीटर अंतर कापायला सरासरी ३४ मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. आपले पुणेही फार मागे नव्हते. तिथे ३३ मिनिटे लागत होती. इतका वेळ रस्त्यात जात असेल, तर तेवढ्यात काम उरकावे असे कोणालाही वाटेल. पण रस्त्यावर आपला आणि दुसऱ्याचा जीव कामापेक्षा मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

झाकण मिटल्यावर काय होते?

घडी घालून मिटणाऱ्या लॅपटॉपची कल्पना जुनी आहे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ‘ग्रिड कंपास’ या संगणकाला बिल मॉग्रिज या ब्रिटिश आरेखकाने शिंपल्यासारखे झाकण दिले. किंमत होती ८,१५० डॉलर. त्यामुळे तो सामान्यांच्या हाती आला नाही, पण अमेरिकेच्या अवकाशयानांतून मात्र प्रवास करून आला.

आजच्या बहुतेक लॅपटॉपच्या झाकणात एक लहानसे लोहचुंबक असते आणि खालच्या भागात ते ओळखणारा संवेदक. एडविन हॉल या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये लावलेल्या शोधावर तो चालतो, म्हणून त्याला ‘हॉल सेन्सर’ म्हणतात. झाकण खाली आले, चुंबक जवळ आले, की संगणकाला इशारा मिळतो. मग तो पडदा विझवतो, चालू कामे आहेत तिथे थांबवतो आणि स्मरणशक्तीला पुरेल इतकीच वीज सुरू ठेवतो. यालाच ‘स्लीप’ म्हणजे झोप म्हणतात. म्हणूनच एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला किंवा चुंबकी पट्ट्याचे घड्याळ घातलेला हात विशिष्ट जागी आला, तर उघडा लॅपटॉपही अचानक झोपी जातो. दुरुस्तीला टाकण्याआधी हे एकदा तपासून पाहा.

झोपेची ही सोय मुळात बॅटरी वाचावी आणि यंत्र तापू नये म्हणून केलेली आहे. ती मोडायची, तर त्याला तसेच कारण हवे.

गरज खरी की सवय?

काही कामे खरोखर तासन्‌तास चालतात. मोठी फाइल उतरवून घेणे, हजारो छायाचित्रांची दुसरी प्रत काढणे, लग्नाची चित्रफीत तयार करणे, संगणक अभियंत्यांच्या लांबलचक चाचण्या किंवा आकडेमोड. अलीकडे त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांची भर पडली आहे. एकदा सांगून ठेवले, की ते बराच वेळ आपले आपण काम करत राहतात. मध्येच लॅपटॉप झोपला, तर काम अडून बसते. काही जण घरी मोठा पडदा आणि वेगळा कीबोर्ड जोडून काम करतात. त्यांनाही लॅपटॉप मिटलेलाच पण चालू हवा असतो.

मात्र केवळ ईमेल येत राहावेत, ऑफिसच्या चॅटमध्ये आपल्या नावापुढचा हिरवा ठिपका विझू नये, एवढ्यासाठी लॅपटॉप जागा ठेवणारेही थोडे नाहीत. ईमेल तर कुठे जात नाहीत. सकाळी झाकण उघडले, की ते समोर असतातच.

जागा कसा ठेवायचा?

विंडोजच्या लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडा. डावीकडे ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज’ असा पर्याय दिसेल. तिथे दोन रकाने असतात. एक बॅटरीवर असतानाचा, दुसरा वीज जोडलेली असतानाचा. फक्त दुसऱ्या रकान्यात ‘डू नथिंग’ निवडा. बॅटरीच्या रकान्यात ‘स्लीप’ तसेच राहू द्या. अनेक जण दोन्ही ठिकाणी बदल करतात आणि तिथेच घोटाळा होतो. प्लग काढून लॅपटॉप पिशवीत टाकला, तरी तो जागाच राहतो.

एवढे करूनही काही वेळाने लॅपटॉप झोपत असेल, तर ठरावीक मिनिटांनी झोपण्याची वेळ लावलेली आहे असे समजा. वीज जोडलेली असताना ती ‘नेव्हर’ करावी लागते. काम संपले, की पुन्हा पूर्ववत करावी.

मॅकवर तऱ्हा वेगळी. वीज, बाहेरचा पडदा, कीबोर्ड आणि माऊस जोडलेले असतील, तर झाकण मिटूनही तो चालू राहतो. त्यात ‘कॅफिनेट’ नावाची एक आज्ञाही आहे. नावाप्रमाणे ती मॅकला जणू कॉफी पाजून जागा ठेवते. पण ती उघड्या झाकणासाठी. झाकण मिटले, की या कॉफीची मात्रा सहसा चालत नाही. लिनक्स वापरणारे ‘लॉगिनडी’च्या फाइलमध्ये झाकणाच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची सूचना लिहू शकतात.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे लांबलेले काम आपल्या लॅपटॉपवर न ठेवता कंपनीच्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर सोपवणे. तिथे वातानुकूलित खोलीत, अखंड विजेवर काम चालू राहते आणि तुमचा लॅपटॉप खुशाल झोपू शकतो. घरात जुना डेस्कटॉप संगणक पडून असेल, तर रात्रभराचे काम त्याला द्या. त्याला ना झाकण, ना बॅटरी.

विजेच्या बिलाची काळजी मात्र फार करू नका. जागा लॅपटॉप समजा १५ वॅट वीज घेत असेल, तर १० तासांत १५० वॅट-तास, म्हणजे जेमतेम एक सप्तमांश युनिट. खरी काळजी उष्णतेची आहे.

पिशवी, पांघरूण आणि जागा लॅपटॉप

बहुतेक लॅपटॉप खालून हवा आत घेतात आणि बिजागरीजवळून किंवा बाजूने गरम हवा बाहेर टाकतात. काहींची थोडी उष्णता कीबोर्डमधूनही निघते. झाकण मिटले, की तो मार्ग बंद होतो. त्यातून लॅपटॉप गादीवर, सोफ्यावर किंवा पाठीवरच्या पिशवीत असेल, तर हवा खेळायला जागाच उरत नाही. अॅपल आपल्या मॅकबुकसाठी भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सियस असावे असे सांगते. बंद पिशवीत काम करणाऱ्या यंत्राभोवतीची हवा ही मर्यादा सहज ओलांडते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर खोलीतच ती ओलांडली जाते.

सतत तापल्याने लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य कमी होते. कधी ती फुगते आणि लॅपटॉपचा तळ किंवा कीबोर्ड वर उचलला गेल्यासारखा दिसतो. क्वचित प्रसंगी बॅटरी पेटही घेते. म्हणून पुढील गोष्टी घरात सर्वांनी पाळाव्यात :

मिटलेला जागा लॅपटॉप नेहमी टेबल किंवा फळीसारख्या कडक, सपाट पृष्ठभागावर ठेवा. उभा ठेवायचा स्टँड असेल तर उत्तम.

त्यावर वही, टॉवेल, इस्त्रीचे कपडे काही ठेवू नका. वरून तो बंदच दिसतो, म्हणून मुलांना आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही हे सांगून ठेवा.

पिशवीत घालण्यापूर्वी तो झोपला आहे ना, हे पाहा. पंख्याचा आवाज येत असेल किंवा तळाला हात लावून गरम लागत असेल, तर तो जागाच आहे. लांबच्या प्रवासात ‘शट डाउन’ करणेच बरे.

बॅटरी फुगल्यासारखी दिसली, तर चार्जर काढा, लॅपटॉप वापरू नका आणि ती दाबून बसवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका. अधिकृत सेवा केंद्रात दाखवा.

विमानप्रवासात लॅपटॉप शक्यतो जवळच्या बॅगेत ठेवा. सामानात द्यावाच लागला, तर तो पूर्णपणे बंद असला पाहिजे. झोपलेला चालत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर

ऑफिसच्या लॅपटॉपवर असे बदल करण्यापूर्वी तिथल्या संगणक विभागाला विचारा. झाकण मिटूनही जागा असलेला लॅपटॉप अनेकदा कुलूपबंद झालेला नसतो. कोणीही झाकण उघडावे आणि तुमचे ईमेल, ग्राहकांची माहिती वाचावी. म्हणून मिटण्यापूर्वी विंडोजची खूण असलेली कळ आणि ‘एल’ एकत्र दाबून पडदा कुलूपबंद करा. 

आपण कामावर आहोत असे भासवण्यासाठी माऊस आपोआप हलवणारी उपकरणे मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. २०२४ मध्ये अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा बनाव केल्याच्या कारणावरून डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकले.

माणसाचे झाकण कोण मिटणार?

बनावाचे समर्थन करता येणार नाही, पण हिरव्या ठिपक्याची ही धास्ती येते कुठून, याचाही विचार व्हायला हवा. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेलेली इन्फोसिस आज साऱ्या जगाला माहीत आहे. तिचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले आणि घरोघरी वाद रंगले. २०२५ मध्ये कर्नाटकात कामाच्या दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास आणि जादा कामासह १२ तास करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. दुसरीकडे, बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक लोकसभेत आधी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये मांडले.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. तुलना होती ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी. बंगळुरूच्याच निम्हान्स या संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या निकोप वापरासाठी खास केंद्र सुरू केले. पडद्यापासून दूर राहणे अशक्य होत असेल, झोप उडाली असेल, तर अशा ठिकाणी सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

लॅपटॉप रात्रभर जागा ठेवण्याचा एक मोठा फायदा आहे. तो काम करत असताना माणसाला झोपता येते. पण होते उलटेच. काम कुठवर आले, हे पाहायला माणूस एक वाजता उठतो, तीन वाजता उठतो. शेजारी झोपलेल्या जोडीदाराचीही झोप मोडते. तेव्हा घरात एक नियम करून टाका. रात्रभराचे काम लावायचे असेल, तर लॅपटॉप झोपायच्या खोलीबाहेर, टेबलावर, वीज जोडून आणि कुलूपबंद करून ठेवायचा. त्यानंतर सकाळच्या चहापर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. काम बिघडले असेल, तर ते सकाळीही तितकेच दुरुस्त होते. आणि बाकीच्या साऱ्या रात्री फटीतला खोडरबर मुलाच्या कंपासपेटीत परत ठेवून झाकण खुशाल मिटून टाका.